पोटभाड्याने घेतलेली खोली सोडली, लेखी करार नव्हता. डिपॉझिट परत मिळेल का?

मिळू शकतं, पण ते मागायचं ज्याच्या हातात पैसे दिले त्याच्याकडे, मूळ घरमालकाकडे नाही. भाडेकरूंच्या अशा तक्रारी मी हाताळतो. करार नाही म्हणून सहसा अडत नाही. ‘डिपॉझिट मिळालं’ एवढा मेसेज आणि बँकेतली नोंद बरंच काम करून जाते. फोनवर वाद घालत बसू नका. रक्कम, खोली सोडल्याची तारीख, किल्ली कोणाला दिली ते लिहून, मुदत घालून मागणी पाठवा. काही कापलं असेल तर बिलं मागा (‘रंगकाम’ हे सगळ्यांचं लाडकं कारण!). तरी दाद दिली नाही तर वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. मात्र पैसे रोख दिलेत आणि साक्षीदारही नाही, तर तडजोडीत मिळेल ते घ्या. दाव्याचा खर्च डिपॉझिटच्या वर जाऊ शकतो.