घरात मांजर आहे आणि मलाच मांजराची ॲलर्जी निघाली, रोज सेट्रिझिन घेऊन निभेल का?

नुसत्या सेट्रिझिनवर माझं तरी नाही निभलं. आमच्याकडे सहा वर्षांपासून बोका आहे, बायकोने भर पावसात पार्किंगमधून उचलून आणलेला. पहिलं वर्षभर मी काय करायचो, शिंका सुरू झाल्या की गोळी, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात अकरा वाजेपर्यंत पेंगणं. शिंका, खाज थांबायची पण नाक चोंदलेलं ते चोंदलेलंच, कारण या गोळ्यांचा चोंदलेल्या नाकावर फारसा जोर चालत नाही.

मग कानानाकाच्या डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला. चौथ्या दिवशी मी म्हटलं काही उपयोग नाही आणि ठेवून दिला, तर डॉक्टर चिडले, म्हणाले दोन आठवडे रोज मारा, मग बोला. खरंच दहाव्या-बाराव्या दिवशी रात्री दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेतला! एक सांगतो, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला, नाकाच्या मधल्या पडद्यावर नाही. मी सरळ पडद्यावर मारत होतो म्हणून रक्त यायचं.

गोळी बदलून फेक्सोफेनाडिन दिली, तिने पेंग येत नाही, पण ती पाण्याबरोबरच घ्या, मोसंबीचा ज्यूस वगैरे घेतला तर ती अंगात कमी भिनते. पाहुणा म्हणून मांजरवाल्यांकडे जाणार असाल तर निघायच्या तासभर आधी घ्या, शिंका सुरू झाल्यावर नको.

मेडिकलवाला मॉन्टेलुकास्ट (ॲलर्जी-दम्याचं आणखी एक औषध) मिसळलेली गोळी सहज काढून देतो, ती मनाने घेऊ नका. झोप आणि मूडवर परिणाम होतो म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, मॉन्टेलुकास्टवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय. मला तर भयंकर स्वप्नं पडायची. नाक झटकन मोकळं करणारे थेंबपण तीन-चार दिवसांच्या वर नकोत, नंतर त्यांच्याशिवाय नाक उघडतच नाही.

आणि हो, शेजारच्या काकू सांगतात तसं मांजराला भादरून काही होत नाही. ॲलर्जी केसांची नाही, त्याच्या लाळेत आणि कातडीत फेल डी १ नावाचं प्रोटीन असतं त्याची, मांजर अंग चाटतं आणि लाळ वाळली की ते प्रोटीन हवेत उडतं. त्यापेक्षा बेडरूममध्ये बंदी घाला (पहिले आठ दिवस दार ओरबाडेल, ऐकू नका).

छातीत शिट्टी वाजत असेल, दम लागत असेल तर मात्र गोळ्यांचे प्रयोग बंद, सरळ डॉक्टरकडे. ते स्किन टेस्ट (कशाची ॲलर्जी आहे ते कातडीवर बघतात ती) करा म्हणाले तर गोळी किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या, साधारण आठवडाभर लागतो. मी सकाळी गोळी घेऊनच पोचलो होतो, तसाच परत पाठवला.