नमुना उत्तम आला, पुढचा मालही तसाच येईल का?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचा घरगुती वस्तूंचा छोटा उद्योग आहे. दोरी ओढून भाजी चिरण्याचा चॉपर आमच्या ब्रँडखाली बाजारात आणायचा असून, त्यासाठी चीनमधील निंग्बो येथील एका कारखान्याला 3000 नगांची पहिली ऑर्डर देण्याचा विचार आहे. त्यांचा नमुना अतिशय उत्तम आहे. मोल्डची (प्लास्टिकचे भाग बनवण्याच्या साच्याची) पूर्ण रक्कम आगाऊ, मालाचे 30 टक्के ऑर्डरसोबत आणि उरलेले 70 टक्के माल जहाजावर चढण्यापूर्वी, अशा त्यांच्या अटी आहेत. त्या मान्य कराव्यात का?
– एक उद्योजक, ठाणे

उत्तर : मालाच्या रकमेची 30–70 ही विभागणी तेथे सर्रास चालते आणि तिच्यात वावगे काही नाही. खरा प्रश्न आहे तो 70 टक्के नेमके कशाच्या बदल्यात सोडायचे, हा. ही रक्कम आपल्या हातात असेपर्यंतच कारखाना आपले म्हणणे मनापासून ऐकतो; ती गेल्यावर सदोष नगांचे फोटो कितीही पाठवले तरी फार तर पुढच्या ऑर्डरमध्ये सवलतीचे आश्वासन मिळते. म्हणून ‘सर्व माल तयार होऊन बहुतांश पॅक झाल्यावर, आम्ही नेमलेल्या तपासणी संस्थेने तो उत्तीर्ण ठरवल्यानंतरच उरलेली रक्कम देय होईल’ ही अट परचेस ऑर्डरमध्ये स्पष्ट शब्दांत हवी.

तपासणी सहसा आयएसओ 2859-1 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते; त्यात काही नग तपासून पूर्ण लॉटचा, म्हणजे एकत्र तयार झालेल्या मालाचा, निर्णय केला जातो. 3000 नगांच्या लॉटमधून सर्वसाधारण पातळी दोन या नेहमीच्या तपासणी पातळीनुसार 125 नग उचलले जातात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (सदोष नगांची स्वीकारार्ह मर्यादा) 2.5 ठरवला असेल, तर सात सदोष नगांपर्यंत लॉट स्वीकारला जातो आणि आठवा सापडला की नाकारला जातो. मात्र कोणता दोष कोणत्या वर्गात मोडतो, हे मानक सांगत नाही. ते आपणच लिहून द्यायचे असते. दोरी ओढल्यावर परत गुंडाळली न जाणे किंवा झाकणाचे लॉक न बसणे हा मोठा दोष, रंगाच्या छटेतील किंचित फरक हा किरकोळ, आणि पाते निसटून भाजीत पडणे हा गंभीर, म्हणजे एकही नग चालणार नाही असा दोष. ही यादी नसेल, तर तपासनीस स्वतःच्या अंदाजाने शेरा मारतो आणि वाद तेथूनच सुरू होतो.

नमुन्यावर विसंबू नका, असे मी आग्रहाने सांगेन. नमुना बहुधा निवडक हातांनी आणि शुद्ध कच्च्या मालातून केलेला असतो. उत्पादनात मात्र दळून पुन्हा वापरलेले प्लास्टिक मिसळण्याचा मोह होतो. त्यासाठी भांड्याच्या प्लास्टिकचा प्रकार, प्रत्येक भागाचे ग्रॅममधील वजन, पात्याच्या स्टीलची ग्रेड आणि दोरी किती वेळा ओढून तपासायची, हे सारे आकड्यांत लिहा. मंजूर नमुन्याचे तीन संच सही करून सीलबंद करावेत : एक आपल्याकडे, एक कारखान्याकडे आणि एक तपासनिसाकडे.

मोल्डची पूर्ण रक्कम आगाऊ देणे मात्र मला मान्य नाही. निम्मी ऑर्डरसोबत आणि निम्मी त्या मोल्डमधून निघालेले पहिले नग मंजूर झाल्यावर द्यावी. मोल्ड आपल्या मालकीचा आहे, त्यावर आपल्या कंपनीचे नाव कोरले जाईल, तो दुसऱ्या कोणाच्या मालासाठी वापरला जाणार नाही आणि मागताच हलवू दिला जाईल, हे करारात असावे. हा करार चिनी भाषेतही असावा आणि त्यावर कारखान्याच्या नोंदणीकृत नावाचा अधिकृत शिक्का हवा. ठाण्याच्या न्यायालयाचा निकाल तेथे अमलात आणणे अतिशय कठीण असते, त्यामुळे अधिकारक्षेत्राचे कलम जाणकार वकिलाकडूनच लिहून घ्या. चीनमध्ये ट्रेडमार्क सर्वसाधारणपणे आधी अर्ज करणाऱ्याला मिळतो. तेव्हा आपल्या ब्रँडचा अर्ज ऑर्डरच्या आधीच तेथे दाखल करणे शहाणपणाचे.

इकडची तयारी थोडक्यात : आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा) क्रमांक, कस्टम ब्रोकरकडून एचएसएन कोड (वस्तूच्या वर्गीकरणाचा क्रमांक) व आयात शुल्काची खातरजमा, आणि ही वस्तू बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या प्रमाणनाच्या यादीत येते का याची चौकशी. येत असेल, तर परवाना परदेशी कारखान्याच्या नावे असावा लागतो आणि त्यावाचून माल न्हावा शेवा बंदरात अडकतो. आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी हा मजकूर खोक्यावर तेथेच छापून घ्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षामुळे कारखाने काही आठवडे बंद असतात, हेही तारीख ठरवताना धरावे.

आणखी एक गोष्ट. शेवटचा हप्ता भरण्याच्या सुमारास ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल आला, तर पैसे थांबवा आणि आधीपासून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर फोन करूनच खात्री करून घ्या. मेल हॅक करून असे हप्ते वळवल्याचे प्रकार वारंवार घडतात.