फ्लोरिडात बघायचं काय?

प्रश्न : माझा मुलगा आणि सून गेल्या वर्षी न्यू जर्सीहून फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ राहायला गेले. येत्या डिसेंबरात मी आणि माझे मिस्टर तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. पण जो तो नाक मुरडतोय. उकाडा, डास, वादळं, मगरी, आणि नावाला टेकडी नाही, असं सगळे सांगतात. थीम पार्कांची आम्हाला हौस नाही. आम्ही रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारी माणसं. आमचं मन तिथे रमेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, टेकडी नाही हे अगदी खरं. अख्ख्या राज्यातली सर्वांत उंच जागा जेमतेम 105 मीटर आहे, आणि तीही पार उत्तरेला, अलाबामाच्या सीमेलगत. पावसाळ्यातला इथला घाम आणि डास नकोसे होतात आणि जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत वादळांची धास्ती असते. मी मूळची गुहागरची, इथे 21 वर्षं राहते आहे, त्यामुळे यातलं काही ऐकीव सांगत नाही. पण तुम्ही येताय तो कोरडा ऋतू. हवा छान असते, डास कमी असतात, आणि पाणी आटत जातं तसे पक्षी उरलेल्या पाण्यावर गोळा होतात. इथे जे काही आहे ते पाण्यात आहे. चढायचं नाही, काठावर थांबायचं.

पहिलं वर्षभर मलाही इथलं काही आवडलं नव्हतं. मग एका रविवारी आम्ही पूर्व किनाऱ्यावर, इंडियन रिव्हर नावाच्या खाडीकाठी गेलो आणि चिखलातून पेन्सिलींसारखी उभी मुळं दिसली. तिवर! आपल्या कोकणातल्या खाड्यांकाठचं खारफुटीचं झाड. इथली जात वेगळी, पण कुळ तेच. एक फांदी वाकवून पान जिभेला लावलं, तर खारट. झाड आत घेतलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. शेजारीच कांदळाचा भाऊबंद कमानीसारखी मुळं टेकवून उभा होता, झाडावरच रुजलेल्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या. इतक्या लांब येऊन माहेरचं कुणी भेटावं तसं झालं मला.

तुम्हाला मात्र मी आधी पाठवेन ते ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंगला. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडीचा दगड आहे. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि झऱ्यांच्या रूपाने वर येतं. या झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण 22 अंश सेल्सिअस असतं. जानेवारीत शेजारची सेंट जॉन्स नदी गार पडली, की तिच्यातले मॅनटी या उबेला येतात. मॅनटी म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्याला सापडणाऱ्या डुगाँगचा लांबचा नातलग. तीन मीटर लांब, साडेचारशे किलोंच्या आसपास वजन, आणि खाणं निव्वळ पाणवनस्पती. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की त्याला फार काळ सोसत नाही.

काठाने लाकडी पायवाट आहे. तिथे बोलू नका, नुसतं ऐका. पाण्यातला राखाडी धोंडा हळूच वर येतो, दोन नाकपुड्या उघडतात, 'फुस्स' असा लांब श्वास ऐकू येतो आणि धोंडा परत खाली जातो. पिल्लू आईच्या कुशीला चिकटूनच पोहतं. पाणी इतकं नितळ असतं की पाठीवरचे पांढरे व्रणही मोजता येतात. ते बोटींच्या पंख्यांचे. अभ्यासक एकेका मॅनटीला त्या व्रणांवरूनच ओळखतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

मगरींना घाबरू नका, पण अंतर ठेवा आणि कधीही खायला टाकू नका. तो गुन्हाही आहे. इथे मुख्यतः दिसते ती ॲलिगेटर. दक्षिणेला एव्हरग्लेड्समध्ये गेलात तर तिचा एक उपकार बघायला मिळेल. कोरड्या दिवसांत ती चिखल उपसून डबकं राखते आणि आजूबाजूचं सगळं आटलं, की मासे, कासवं, बगळे त्याच डबक्यावर तग धरतात. तो पाणवठा तिने खोदलेला असतो.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. आमच्या घरामागे पाणथळ होतं. सँडहिल क्रेनची जोडी तिथे दरवर्षी घरटं करायची. आपल्या गोंदियातल्या सारसाचंच जवळचं भावंड, डोक्यावर लाल टोपी. एका बिल्डरने चार वर्षांपूर्वी भराव टाकला. ती जोडी अजून येते, नव्या घरांच्या हिरवळीवर किडे वेचते, पण पिल्लं काही दिसत नाहीत. 'फ्लोरिडात आहेच काय' म्हणणाऱ्यांना मी हे सांगते, कारण इथे काही नाहीच असं धरलं की भराव टाकायला कुणाचा हात अडत नाही.

दुर्बीण सामानात आठवणीने टाका. थंडीची लाट येणार अशी बातमी आली, की मुलाला दुसऱ्या दिवशी सुट्टी काढायला सांगा आणि भल्या सकाळी ब्लू स्प्रिंग गाठा, कारण अशा दिवशी पार्क लवकर भरतं. तिथे मॅनटींची मोजणी होते. त्या दिवशीचा आकडा मला जरूर कळवा.