डॉक्टरांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ लिहून दिले म्हणजे उपचार संपले का?

आपण विचारले आहे की आईंना, वय 62, पित्ताशयाचा कर्करोग असून तो यकृतात पसरला आहे. डॉक्टरांनी केमो थांबवून कागदावर ‘पॅलिएटिव्ह केअर’ असे लिहून दिले आहे. पुण्याचा भाऊ मोठ्या रुग्णालयात हलवा म्हणतो. आणि घरी ठेवावे, हॉस्पिस (अशा रुग्णांना ठेवून घेऊन सांभाळणारी जागा) शोधावे की भावाचे ऐकावे, हे आपल्याला ठरवता येत नाही.

उपचार संपलेले नाहीत. कर्करोगावरचे औषध थांबले आहे. आईंच्या वेदना, उलट्या, खाज, झोप आणि भीती यांवरचे उपचार, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, आता सुरू व्हायला हवेत. खरे तर निदान झाले त्याच महिन्यात ते सुरू व्हायला हवे होते. एवढे सांगून मला थांबता आले असते. पण हाच कागद 2019 च्या जुलैमध्ये आमच्या घरी आला होता आणि आम्ही तो 11 आठवडे कपाटात ठेवून दिला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वडिलांना चाळीस वर्षे खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, सवय होती. 2019 च्या संक्रांतीनंतर डाव्या गालातील जखम कर्करोगाची निघाली, नागपुरात शस्त्रक्रिया झाली, शेक (रेडिएशन) घेऊन झाले आणि आषाढात गाठ परत आली. तेथील डॉक्टरांनी सरळ सांगितले की आता पुन्हा शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही, वेदनामुक्तीच्या विभागात दाखवा. बाहेर आल्यावर मोठा भाऊ म्हणाला, “याचा अर्थ त्यांनी हात वर केले,” आणि कागदाची घडी करून खिशात घातली. बाबांना काहीही सांगायचे नाही, असेही तेथेच ठरले. मी गप्प राहिले, कारण लेकीने अशा वेळी बोलायचे नसते हे आमच्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते आणि त्या दिवशी मीही धरले होते.

त्यानंतरचे 11 आठवडे बाबा गावातील डॉक्टरांच्या डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनवर होते. इंजेक्शनचा असर चार-पाच तास राहायचा आणि मग ते ओसरीवरच्या बाजेवर उठून बसत, गाल तळहातात धरून पहाटेपर्यंत पुढे-मागे झुलत. तोंड उघडेनासे झाले, नाकातून नळी घातली गेली, गालाची जखम बाहेर फुटली. त्या जखमेला जो वास येत होता त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते: त्या वासामुळे आमच्या ओसरीवर बसायला येणारी माणसे अंगणातूनच परत जाऊ लागली आणि नातू जेवायला आत नको म्हणू लागला. बाबांना हे दिसत होते. त्यांनी स्वतःहून बाज गोठ्याच्या बाजूला सरकवून घ्यायला सांगितली.

पोळ्याच्या आठवड्यात श्वास लागला तेव्हा दादाने त्यांना नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात नेले. सहा दिवस अतिदक्षता विभाग, दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटे भेट, हात कठड्याला बांधलेले, कारण ते नळी ओढत होते. दीड लाखाच्या वर बिल झाले आणि एक एकर वावर गहाण पडले. कोणीही आम्हाला बाजूला घेऊन हे सांगितले नाही की या सहा दिवसांनी मूळ आजारात काही फरक पडणार नाही. शेवटी ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा कागदावर सही करून आम्ही त्यांना आणले आणि त्या सहीमुळे घरी द्यायची औषधे, ड्रेसिंगचे सामान, यापैकी काहीही मिळाले नाही. आपल्यावर घरी नेण्याची वेळ आली तर अशी सही करू नका; औषधे आणि सूचनांसह रीतसर सुट्टी मागा, ती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

घरी आल्यावर एका रात्री बाबांनी मला जवळ बोलावले. बोलणे फार तुटक झाले होते. “बाई, हे बरं होत नाही न? मले मालूम हाय. तुमी काऊन लपोता?” मी त्यांना इन्फेक्शन आहे असे सांगितले. चौथीच्या मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्या माझ्या तोंडून ते निघाले, आणि बाबांनी माझ्याकडे पाहून मान वळवली. दुसऱ्या दिवशी मी कपाटातील कागद काढला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी आणि माझे यजमान बाबांना वर्ध्याच्या बाजूच्या एका रुग्णालयातील वेदनामुक्ती विभागात घेऊन गेलो. तेथील डॉक्टरबाई आमच्याशी बोलण्याआधी बाबांशी बोलल्या. “काका, तुम्हाला आजाराबद्दल किती ऐकायचे आहे?” त्यांनी विचारले आणि बाबा म्हणाले, “सारं.” त्यांनी सारे सांगितले. बाबा रडले नाहीत. त्यांनी विचारले की तलाठ्याकडे जाण्याइतके दिवस आहेत का. घरी आल्यावर आठवडाभरात त्यांनी उरलेल्या वावरातील एक एकर आईच्या नावे करण्याचे कागद तयार करून घेतले. अडीच महिने आम्ही त्यांच्यापासून जे लपवत होतो, त्याने त्यांची ही एवढी एक गोष्ट राहून जाणार होती.

तेथे तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. मॉर्फिन म्हटले की आपल्याकडे अफू आणि व्यसन हे दोनच शब्द आठवतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली इतके परवाने लागत की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले होते. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, तरी तालुक्याच्या मेडिकल दुकानात ते मिळत नाही. म्हणून मान्यता असलेले रुग्णालय शोधावे लागते. आमच्या बाबतीत पुढच्या वेळी रुग्णाला न्यावे लागले नाही, कागद दाखवून मलाच गोळ्या मिळत. औषध कमी मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या मापाने वाढवतात, दर चार तासांनी देतात, आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावेच लागते, कारण बद्धकोष्ठ हा त्याचा न चुकणारा त्रास आहे. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे फार क्वचित घडते. आणि ज्या माणसाकडे काही आठवडे उरले आहेत, त्याच्या व्यसनाची चिंता करत त्याला रात्र-रात्र झुलत ठेवणे हे मला आज क्रौर्य वाटते, मग ते कितीही प्रेमाने केलेले असो.

तेथील सिस्टरने मला वही ठेवायला सांगितले. मी शाळेतील शंभर पानी वहीत रकाने आखले: वेळ, मात्रा, वेदना, शौच. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. पहाटे 2 च्या गोळीसाठी झोप मोडू नये म्हणून रात्री 10 ला दुप्पट मात्रा द्यायची, ही पद्धत त्यांनीच लिहून दिली होती. गोळी बारीक करून कोमट पाण्यात विरघळवायची, नळीतून सोडायची, मागून पुन्हा पाणी. वेदना किती, हे बाबा बोटांनी सांगत. पहिल्या रात्री त्यांनी नऊ बोटे वर केली. पाचव्या दिवशी तीन, आणि मग तीच तीन बोटे त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली.

वासावर उपाय साधा होता: मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड मिठाच्या पाण्याने धुतलेल्या जखमेवर पसरायची. एका आठवड्यात वास जवळजवळ गेला आणि बाज परत ओसरीवर आली. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हा एवढा उपाय आम्हाला कोणी सांगितला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या वर्षी अवकाळी पावसाने कापसाची वेचणी लांबली. दिवाळीनंतर पहिल्या वेचणीला सीतादही केले तेव्हा बैलबंडीत गादी टाकून आम्ही बाबांना वावरात नेले. दहीभाताचा नैवेद्य त्यांनी स्वतः ठेवला आणि एका बोंडाचा कापूस काढून मुठीत घेऊन परत आले.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास ते गेले. आदल्या दिवसापासून पाय थंड पडले होते, श्वास थांबून-थांबून येत होता, घशात घरघर होती. सिस्टरने फोनवर सांगितले की कुशीवर वळवा, ओठ ओल्या कापसाने पुसत राहा, घशात नळी घालून ओढू नका आणि सलाईन लावू नका, कारण त्या अवस्थेत शरीर पाणी पेलत नाही, ते फुफ्फुसात आणि हातापायांत साचते. दादा रात्री नऊला पोहोचला होता आणि सलाईन लावा म्हणत होता. मी लावू दिले नाही. दहा वाजता नेहमीची मात्रा दिली.

तेराव्याला, काकाजी आणि भावकीसमोर, दादा म्हणाला, “रात्री दुप्पट गोळी तूच दिली. बाप अफूने गेला.” त्यानंतर आजपर्यंत आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नाही आणि त्यामुळेच ते वाक्य जसेच्या तसे राहिले आहे. म्हणून ज्यांना असे वाक्य ऐकावे लागेल त्यांच्यासाठी लिहिते. ती दुप्पट मात्रा पहिल्या रात्रीची नव्हती. वहीत ती 42 रात्रींची आहे, त्यातील शेवटच्या पाच आठवड्यांत आकडा बदललेला नाही. शरीराला त्या मात्रेची सवय झालेली असते. श्वास थांबून-थांबून येऊ लागला होता तो दुपारी तीनला, त्याची वेळ मी लिहून ठेवली आहे. मरण जवळ आलेल्या माणसाला वेदनेचे औषध वेळेवर दिले म्हणून ते मरण त्या औषधाचे होत नाही. वही माझ्याकडे आहे आणि दादाने मागितली तर आजही देईन.

आता आपल्या प्रश्नाचे राहिलेले. हॉस्पिस हा शब्द मुळात यात्रेकरूंच्या विसाव्याच्या जागेचा आहे. टाटा रुग्णालयात गेलेल्या आपल्याकडच्या लोकांनी दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा पाहिली असेल, तर त्यांना तो लगेच समजेल. आजच्या अर्थाने हे काम लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये उभे केले, आपल्या देशात मुंबईच्या वांद्र्यातील शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, नागपुरात स्नेहांचल आहे. पण आपल्या खेड्यांसाठी मला केरळची रीत जवळची वाटते. तेथे 1993 मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले आणि पुढे गावोगावचे स्वयंसेवक व परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊ लागल्या. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांमध्ये ही सेवा कागदावर आहे, म्हणून आशाताईंना आणि उपकेंद्रात जरूर विचारा, जिल्हा रुग्णालयातही विचारा. घरी दोन माणसे आळीपाळीने जागू शकत असतील आणि फोनवर एखादी सिस्टर असेल तर घरी ठेवा. नसेल तर हॉस्पिस शोधण्यात कमीपणा नाही.

माझा अनुभव तोंडाच्या कर्करोगाचा आहे, आईंचा आजार वेगळा आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते. यकृत आणि मूत्रपिंड कमजोर असतील तर मॉर्फिन शरीरात साचते, मात्रा कमी आणि अंतर जास्त लागते, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. माझ्या वहीतील आकडे वापरू नका. डोळे पिवळे होऊन थंडी वाजून ताप आला, तर पित्ताची नळी तुंबली असू शकते आणि तेव्हा रुग्णालयात न्यावे लागते. तेथे स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकून खाज आणि ताप कमी होऊ शकतो, आणि तेही पॅलिएटिव्ह केअरच आहे. पोटात पाणी झाले तर काढता येते. अन्न नको म्हणाल्या तर बळजबरी करू नका. यंत्रांवर ठेवायचे की नाही याबद्दल आई शुद्धीत असताना त्यांचे म्हणणे लेखी घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात ते मान्य केले आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण त्याआधी आईंना एकदा विचारा की त्यांना किती ऐकायचे आहे.

आणि पुण्याच्या भावाशी फोनवर वाद घालू नका. त्याला आठ दिवसांची रजा काढून बोलवा. रात्री 10 ची मात्रा त्याच्या हाताने द्यायला लावा, वहीत वेळ त्याच्याच अक्षरात लिहून घ्या आणि दोन रात्री आईंजवळ त्यालाच बसू द्या. आमच्या दादाला मी ऑक्टोबरमध्येच असे बोलावले नाही.