‘डमी डेटा’ बनवण्याची इंटर्नशिप घ्यावी का?

प्रश्न : माझी मुलगी कराडला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका कंपनीत तिला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, महिना ८ हजार रुपये. काम काय, तर डेटाबेस तपासायला नमुन्याचा डेटा तयार करायचा आणि त्यावर ‘लोड’ टाकून बघायचा. खोटी नावं, खोटे आकडे भरत बसण्यात शिकण्यासारखं काय आहे? मित्रमंडळी म्हणतात, त्यापेक्षा वेब डेव्हलपमेंटचा कोर्स लाव. मी दूध संकलन केंद्र चालवतो, मला यातलं कळत नाही. काय करावं?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : पाठवा. पण होकार कळवण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा, ते शेवटी देतो.

आधी तुमची ‘खोट्या’ची शंका. बँकेचं, दवाखान्याचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर तयार होतं तेव्हा ते दहा-वीस नोंदींवर झकास पळतं. रखडतं ते नोंदी कोटीच्या घरात गेल्यावर, आणि तेव्हा समोर खरे ग्राहक असतात. म्हणून आधीच मोठा डेटा भरून आणि एकाच वेळी पुष्कळ विनंत्यांचा ताण (‘लोड’) टाकून बघावं लागतं. खऱ्या ग्राहकांचा डेटा शिकाऊ मुलांच्या हातात देता येत नाही, द्यायचाही नसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कंपन्या याबाबत जास्तच सावध झाल्या आहेत. मग उरतो तो एकच मार्ग : कुणाचाच नसलेला, पण खऱ्यासारखा वागणारा डेटा. ‘खऱ्यासारखा वागणारा’ हे साधायला डोकं लागतं आणि ते शिकण्यासारखं आहे.

तुमच्याच धंद्यातलं घ्या. २०० संकलन केंद्रं, प्रत्येकी १०० सभासद, रोज सकाळ-संध्याकाळ दूध. वर्षाच्या नोंदी होतात १ कोटी ४६ लाख. एखाद्या नवख्या मुलाला हा डेटा बनवायला सांगितला तर तो प्रत्येक नोंदीत ३ ते १० मधली कोणतीही फॅट टाकेल. गाईला ९ फॅट लागलेली पाहून तुम्ही हसाल, पण कॉम्प्युटर हसत नाही. तुमच्या वहीत काही सभासद दोन कॅन घालतात आणि बरेच जण दोन लिटर. पुष्टकाळात दूध वाढतं, कृशकाळात घटतं, जनावर भाकड झालं की त्या सभासदाच्या नोंदी काही महिने बंद पडतात. हे सगळं डेटात उतरलं नाही, तर त्यावर घेतलेली चाचणी दुसऱ्याच कुठल्यातरी डेअरीची होते.

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या, तिच्याशीच बोलतो.

तुझ्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस हा डेटाबेस टाक, फुकट आहे. ‘जनरेट सीरीज’ हे ओळींची मालिका काढून देणारं फंक्शन वापरून वरच्या १ कोटी ४६ लाख नोंदी बनव. सुरुवातीलाच ‘सेटसीड’ दे, म्हणजे दर वेळी तोच डेटा निघेल. नाहीतर आज सापडलेली अडचण उद्या पुन्हा दाखवता येत नाही. एक सापळा आधीच सांगून ठेवतो. सभासद निवडायला ‘रँडम’ असलेली सब-क्वेरी (क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सब-क्वेरी म्हणजे त्याच्या आतला प्रश्न) लिहिलीस आणि तिचा बाहेरच्या ओळीशी काहीच संबंध नसेल, तर पोस्टग्रेस ती एकदाच चालवतो आणि तेच उत्तर सगळ्या ओळींना चिकटवतो. दीड कोटी नोंदी एकाच सभासदाच्या नावावर! एरर येत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. डेटा भरला की सभासदनिहाय मोजणी करून बघायची सवयच लाव.

फाइलमधून भरायचं असेल तर एकेक ओळ भरणारं ‘इन्सर्ट’ नको, एकदम भरणारं ‘कॉपी’ वापर. इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूची, भरणा झाल्यावर कर, आधी केलेस तर प्रत्येक ओळीला त्यांचीही डागडुजी होत राहते. शेवटी ‘अ‍ॅनालाइझ’ चालव. ते न करता लगेच चाचणी सुरू केलीस तर प्लॅनरकडे (क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) टेबलाची आकडेवारीच नसते आणि तो अंदाजपंचे प्लॅन निवडतो.

आता खरी गंमत. समज नोंदींच्या टेबलात केंद्राचा कॉलम आहे आणि तालुक्याचाही. तालुके १०, प्रत्येकात २० केंद्रं. ‘अमुक केंद्र आणि अमुक तालुका’ अशी क्वेरी दे आणि ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लाव. त्यात प्लॅनरचा अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी दोन्ही दिसतात. प्लॅनर दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरतो : केंद्राचा २०० वा भाग, त्याचा तालुक्यामुळे पुन्हा १० वा भाग, म्हणजे साधारण ७,३०० ओळी. प्रत्यक्षात केंद्र ठरलं की तालुका ठरलेलाच असतो, त्यामुळे ओळी निघतात ७३,०००. अंदाज दहापट चुकला. पुढे या निकालाला दुसरं टेबल जोडलेलं असेल तर थोड्या ओळींसाठी ठीक असलेला नेस्टेड लूप (प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात नव्याने शोधणं) निवडला जातो आणि क्वेरी रेंगाळते. पोस्टग्रेस १० पासून यावर ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ आहे. या दोन कॉलमांचं नातं नोंदव, पुन्हा ‘अ‍ॅनालाइझ’ कर आणि अंदाज कसा जाग्यावर येतो ते बघ.

आणि तू दोन्ही कॉलम स्वतंत्रपणे रँडम भरले असतेस तर? मग खरोखरच ७,३०० ओळी निघाल्या असत्या, अंदाज अचूक आला असता, चाचणी पास! दोष प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या ग्राहकांसमोर, बाहेर आला असता. मुलाखतीत एवढं एक उदाहरण प्लॅनसकट समजावून सांगितलंस, तर समोरच्याला तुझी मार्कशीट बघायची फारशी गरज पडणार नाही.

सभासदांत विषमता आणायला पोस्टग्रेससोबत येणाऱ्या पीजीबेंच या लोड-चाचणीच्या टूलमध्ये ‘रँडम झिपफियन’ हे फंक्शन आहे. त्याने थोड्या सभासदांकडे जास्त हेलपाटे पडतात, बाकीच्यांकडे क्वचित. पॅरामीटर १.००१ च्या खाली चालत नाही. जितका मोठा, तितकी गर्दी थोड्या जणांवर.

नावं इंग्रजीतच बनवू नकोस. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची प्रचलित पद्धत) ३ बाइट खातं. ‘क्षीरसागर’ डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, पण आत हलंत आणि काना-वेलांटी धरून ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. पोस्टग्रेस कॉलमची लांबी चिन्हांत मोजतो. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये. तिथे २५ चा कॉलम या आडनावाला पुरत नाही. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ दोन-तीन प्रकारे टाइप होतो. दिसायला एकच, डेटाबेसच्या लेखी वेगळा. शोधायला गेलं की गाव सापडत नाही. असे नमुने मुद्दाम घाल. मोबाइल नंबर मात्र जपून : रँडम दहा आकडी नंबर कुणाचा तरी खरा असू शकतो, आणि चाचणीच्या सर्व्हरवर एसएमएस चालू राहिला तर मध्यरात्री त्याला तुझं दूध बिल जातं. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे डोमेन अशाच कामाला राखून ठेवलेलं आहे, ते वापर.

लोडकडे येऊ. पीजीबेंचचं तयार मॉडेल बँकेचं आहे : स्केल १ म्हणजे १ शाखा, १० टेलर, १ लाख खाती. पुष्कळ जण स्केल १ वर ५० क्लायंट सोडतात आणि ‘पोस्टग्रेस स्लो आहे’ असा अहवाल लिहून मोकळे होतात. प्रत्येक व्यवहार शाखेच्या ओळीत शिल्लक बदलतो, आणि शाखा एकच. ओळ बदलताना ती एका वेळी एकालाच मिळते (लॉक), म्हणून पन्नासही जण त्या एका ओळीच्या लॉकसाठी रांगेत. मोजलं गेलं ते रांगेचं, डेटाबेसचं नव्हे. स्केल निदान क्लायंटच्या संख्येइतका हवाच.

८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर स्केल १०० (सुमारे दीड जीबी) आणि स्केल १,००० (सुमारे १५ जीबी) असे दोन्ही चालव. पहिला रॅममध्ये मावतो, दुसरा मावत नाही. दोन्हींच्या आकड्यांतला फरक म्हणजे तुझ्या डिस्कचा वेग. तीस सेकंदांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नकोस. पोस्टग्रेसचा चेकपॉइंट (रॅममधले बदल डिस्कवर उतरवण्याचं काम) मुळात ५ मिनिटांनी येतो, तेव्हा किमान २० मिनिटं चालू दे. चार्जर लावलेला असू दे, बॅटरीवर प्रोसेसर स्वतःच हात आखडता घेतो.

सरासरी लिहून थांबू नकोस. १,००० व्यवहारांतले ९९० प्रत्येकी ५ मिलिसेकंदांत झाले आणि १० ना प्रत्येकी २ सेकंद लागले, तर सरासरी येते २५ मिलिसेकंद. असा अनुभव एकाही माणसाला आलेला नसतो. पीजीबेंचला प्रत्येक व्यवहाराचा लॉग काढायला सांग आणि त्यातून ९९ वा, ९९.९ वा पर्सेंटाइल काढ, म्हणजे तेवढे टक्के व्यवहार किती वेळाच्या आत झाले ते.

आणखी एक खोच, जी अनुभवी मंडळींच्याही नजरेतून सुटते. साध्या चाचणीत क्लायंट उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती पाठवत नाही. डेटाबेस दहा सेकंद अडला तर क्लायंटही दहा सेकंद गप्प, आणि अहवालात क्लायंटमागे फक्त एक वाईट नोंद. बारावीच्या निकालाच्या दिवशी असं होतं का? साइट अडली तरी लोक येतच राहतात. पीजीबेंचमध्ये ‘रेट’ ठरवून दिला की विनंत्या ठरल्या वेळी यायच्या होत्या असं धरून उशीर मोजला जातो. तुझ्या डेअरीच्या मॉडेलला हेच लाव : सकाळी दोन तास लिहिण्याची झुंबड, आणि दर दहा दिवसांनी सगळ्या सभासदांची बिलं एकाच वेळी. बिलं चालू असताना सकाळचं संकलन किती मागे पडतं, हा एक आकडा आणि त्याचं कारण शोधलंस तरी तुझा प्रोजेक्ट झाला.

पुन्हा वडिलांसाठी. नोकरीच्या जाहिरातींत हे काम बहुधा ‘परफॉर्मन्स टेस्टिंग’ नावाने येतं आणि तिथे जेमीटर हे लोड टाकायचं टूल मागतात. ते तिला महिनाभरात जमेल. पण नुसत्या टूलवर अडकलेली मुलं तिथेच राहतात. डेटाबेसच्या आत काय घडतं हे कळलेली मुलं डीबीए (डेटाबेस सांभाळणारा), परफॉर्मन्स इंजिनिअर, डेटा इंजिनिअर अशा कामांकडे सरकतात. अशा जागा वेब डेव्हलपमेंटपेक्षा कमी असतात, हेही खरं. म्हणून एसक्यूएल, लिनक्स आणि थोडं पायथन यांना पर्याय नाही. वेब डेव्हलपमेंट तिला नंतरही शिकता येईल. तेही करायला हरकत नाही, पण पैसे भरून, घाईने आत्ताच नको.

कंपनीला विचारायचे प्रश्न : तिला स्वतःचा चाचणी डेटाबेस मिळेल का, आणि त्यावर क्वेरी चालवायचे, प्लॅन बघायचे अधिकार असतील का? क्वेरी रखडली तर कारण शोधण्यात तिला सामील करून घेणार, की ती फक्त आकडे एक्सेलमध्ये भरून पुढे पाठवणार? तिचं काम रोज तपासणारा माणूस कोण, डेटाबेसचा की टेस्टिंगचा? पहिल्या दोनांची उत्तरं गुळमुळीत आली, तर पुण्यातलं खोलीभाडं आणि मेसचा खर्च ८ हजारांत भागणं कठीण आहे हे लक्षात घेऊन नकार द्या. मग वरचा डेअरीचा प्रोजेक्ट तिने कराडला घरी बसून दोन महिन्यांत करावा. संकलनाची जुनी वही तिला द्या. आकड्यांचे चढउतार त्यातूनच घ्यायचे आहेत, सभासदांची नावं झाकून.