सोयरिकीआधी केस बसवू का?

प्रश्न : वय २७, दारव्हा तालुक्यात कापसाची शेती. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागं सरकले, वडिलांसारखेच. दिवाळीनंतर पोरी पाहणं सुरू होईल. मित्र म्हणतो, नागपूरला जाऊन सरळ केस बसवून (हेअर ट्रान्सप्लांट) घे. घेऊ का?

उत्तर : भाऊ, एवढ्यात नको. बसवलेले टिकतील, पण मागचे स्वतःचे गळत राहिले तर पुढं केस आणि मागं मोकळं रान. आधी गळती थांबवा. ५ टक्के मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध, १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर, केसांवर नव्हे. फवारणी करून आलात तर आधी हात साबणानं धुवा. सुरुवातीच्या आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, आणि तिथंच बरेच जण बाटली फेकतात. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात, म्हणजे दिवाळीचं गणित सोडाच. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी केस बारीक करणारं डीएचटी हे हार्मोन कमी करते. पण काहींची कामेच्छा घटते, मन उदास होतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच. दोन्ही औषधं बंद केली की कमावलेलं हळूहळू जातं, तेव्हा दरमहाचा खर्च आधी जुळवा. आठवडी बाजारातल्या तेलावर मात्र पैसे घालू नका.