एम.ए.चे विद्यार्थी शोधप्रकल्प लिहीतच नाहीत, मार्गदर्शकाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवता. यंदा पहिल्यांदाच एम.ए. भाग दोनचे नऊ विद्यार्थी शोधप्रकल्पासाठी तुमच्याकडे आलेत. दिवाळी होऊन गेली तरी सात जणांचं एकही पान नाही, एकाने आणलं ते सरळ चॅटजीपीटीतून उचललेलं, आणि एक मुलगी तर फोनच घेत नाही. "मी त्यांच्याकडून लिहून कसं घेऊ?" हा तुमचा प्रश्न.

मीही इतिहासच शिकवते, चोवीस वर्षं झाली. आधी एम.फिल.चे लघुप्रबंध, मग पीएच.डी., आता हे शोधप्रकल्प, असं बरंच मार्गदर्शन करून झालंय. त्यातून जे हाती लागलं तेवढंच सांगते.

या मुलांना आळशी म्हणून मोकळं होऊ नका. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी फक्त उत्तरं लिहिली आहेत. प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर गाइडमधलं, आणि वाचणारा परीक्षक एका पेपरला पाच मिनिटं देणारा. जे कुठल्याच पुस्तकात अजून लिहिलेलं नाही ते तू लिही, असं त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही. अशा मुलाला तुम्ही "पहिलं प्रकरण आणून दे" म्हणालात की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पुस्तकी भाषेच्या आड लपतो किंवा गप्प बसतो. तुमच्याकडे दोन्ही प्रकार झालेले दिसतात.

पूर्वी हे शिकायला एम.फिल. होतं, एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधली पदवी. वर्ष-दीड वर्ष एका छोट्या विषयात चुका करायची सोय होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तिसऱ्या सत्राला चार आणि चौथ्याला सहा श्रेयांक (क्रेडिट) शोधप्रकल्पाला आहेत, आणि आता पीएच.डी.च्या आधी लिहायला शिकण्याची ही एवढीच जागा उरलीय. म्हणून कृपा करून याला "एक सबमिशन" समजू नका. तुमचे सहकारी तसं समजत असले तरीही.

मागच्या वर्षीची एक मुलगी सांगते. माण तालुक्यातली, घरची कोरडवाहू शेती. तिने विषय आणला, 'महाराष्ट्रातील दुष्काळ : एक ऐतिहासिक अभ्यास'. शेवटी 'एक अभ्यास' लावलं की विषय झाला असं मुलांना वाटतं. मी तेव्हा काही बोलले नाही. पंधरा दिवसांनी तिने चार पानं आणली. पहिलं वाक्य होतं, "दुष्काळ ही एक नैसर्गिक आपत्ती असून मानवी जीवनावर तिचे दूरगामी परिणाम होतात." पुढची चार पानं तशीच. पुन्हा लिहायला सांगितलं, पुन्हा तेच, फक्त वाक्यं लांब झाली.

तिसऱ्या वेळी मी कागद बाजूला ठेवले आणि सहज विचारलं, "अगं, तुमच्या घरात दुष्काळ कुणी पाहिलाय का?" तर ती बोलायला लागली. आजी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला जायची. थोरला मामा तान्हा होता, त्याला कामावर झाडाखाली झोळी बांधून त्यात ठेवायची. लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या ज्वारीच्या, भाकरी घशाखाली उतरत नसत. कामावर सुकडी, म्हणजे खायला तयार पौष्टिक पीठ, मिळायची ती आजी पदरात बांधून घरी आणायची, स्वतः खायची नाही. आणि ज्या पाझर तलावावर आजीने माती वाहिली, त्याच तलावाच्या कडेने ही मुलगी रोज शाळेत गेली होती. दहा मिनिटं ती न थांबता बोलत होती, एकदाही 'दूरगामी परिणाम' म्हणाली नाही.

मी तिला कोरे कागद दिले आणि म्हटलं, "आत्ता बोललीस ते इथेच बसून लिही. शुद्धलेखन बघू नकोस." वीस मिनिटांत दीड पान झालं. त्या दीड पानात विषयही होता आणि भाषाही.

सगळ्या वर्षांतून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. मुलांना बोलताना जे येतं ते लिहिताना हरवतं, आणि मार्गदर्शकाचं निम्मं काम त्या दोहोंमधलं अंतर कमी करण्याचं असतं. म्हणून आता मी लिखाण मागण्याआधी सांगायला लावते. मुलगा सांगत असतो तेव्हा त्याचीच वाक्यं मी एका कागदावर टिपते आणि जाताना त्याच्या हातात देते. पुढच्या वेळी त्यातूनच दोन पानं यायला हवीत, प्रकरण नको. 'प्रकरण' हा शब्द मी पहिले दोन महिने काढतच नाही.

त्या मुलीचा विषय शेवटी असा झाला : माण तालुक्यातली तीन गावं, बहात्तरच्या दुष्काळातली सरकारी कामं, आणि त्या कामांवर गेलेल्या बायकांच्या आठवणी. तिने अकरा म्हाताऱ्या बायकांना भेटून मुलाखती घेतल्या. इथे खरं संशोधन सुरू झालं, कारण बायकांचं सांगणं जुळेना. दिवसाची मजुरी किती मिळायची, यावर कुणी दीड रुपया म्हणे, कुणी तीन. मुलगी रडकुंडीला आली, "मॅडम, खरं कोणतं लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिही, आणि असं का होतंय ते शोध. ती परत गेली, कामाची पद्धत विचारली. तेव्हा कळलं की मजुरी कामाच्या मोजमापावर होती, खडी किती फुटली, माती किती पडली यावर. ज्या टोळीत दणकट माणसं जास्त तिचा हिशेब वेगळा, अंगावर पिणारं मूल घेऊन आलेल्या बाईचा वेगळा. म्हणजे आठवणी चुकलेल्याच नव्हत्या. तिचं सगळ्यात चांगलं प्रकरण यातून उभं राहिलं. त्याच्या मागे मग तिने रोजगार हमीचा इतिहास आणला : वि. स. पागे यांची कल्पना, दुष्काळात तिला आलेलं महत्त्व, १९७७ चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी. हाच मजकूर आधी घेतला असता तर पाठ केलेला वाटला असता. आता तो आजीच्या झोळीपासून सुरू होऊन कायद्यापर्यंत गेला.

तुमच्या नऊ जणांना म्हणून हेच विचारा : तुझ्या हाताला लागेल असं काय आहे? गावच्या विकास सोसायटीची जुनी इतिवृत्तं, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर (मुलं कधी आली, कधी गेली याची नोंद), कुणाच्या घरातली मोडी कागदांची पिशवी, यात्रेच्या जमाखर्चाच्या वह्या, साखर कारखान्याचे जुने वार्षिक अहवाल. पुरालेखागारात जाणं उत्तमच, एकदा तरी सगळ्यांना कोल्हापूरला किंवा पुण्याला घेऊन जा, पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, नुसते पाहिले तरी मुलांची नजर बदलते. पण एम.ए.च्या प्रकल्पाला तुम्हाला जेमतेम दोन सत्रं मिळतात. मुलगा एसटीने जाऊन संध्याकाळी परत येईल एवढ्या अंतरावर साधनं असली पाहिजेत.

मुलाखती असतील तर एक गोष्ट आधीच शिकवा. त्याच मुलीला एका बाईने मुकादमाबद्दल काही सांगितलं, आणि मग म्हणाली, "हे लिहू नको हां बाई." मुलगी माझ्याकडे आली. तिला वाटत होतं की नाव बदललं की भागेल. तीन गावांत बहात्तरला कामावर गेलेल्या अकरा बायका, त्यातली नाव बदललेली एक. गावात कुणालाही ओळखता आली असती. आम्ही ते लिहिलं नाही. प्रबंधाचं त्याने नुकसान झालं, झालंच, पण त्या बाईने आपल्याला घरात घेऊन चहा पाजला होता. संशोधनाची नीतिमत्ता हा पेपर मुलं पाठ करून सोडवतात. तो कळतो तो अशा वेळी, आणि तेव्हा तुम्ही शेजारी असायला हवं.

आता वाचण्याबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी माझ्या मार्गदर्शकांनी चौदा महिने एक पान वाचलं नाही. मी पानं देत राहिले, ती टेबलावर साठत राहिली. मग सादर करायची तारीख आली तेव्हा एका रात्रीत सगळ्यावर लाल शाई फिरली. त्या शाईतलं बरंचसं बरोबर होतं. पण त्यातलं काहीही दुरुस्त करायला वेळ उरला नव्हता, आणि माझ्यात जीवही उरला नव्हता. तेव्हा ठरवलं की माझ्या विद्यार्थ्याने दिलेलं पान आठ दिवसांत वाचून परत जाईल. नऊ जणांची दोन-दोन पानं म्हणजे अठरा पानं. एका संध्याकाळचं काम आहे. शंभर पानं एकदम आली की ते अशक्य होतं, म्हणूनही थोडं थोडं मागा.

पहिल्यांदा वाचताना हातात पेन घेऊ नका. नुसतं वाचा आणि तुम्हाला जे समजलं ते विद्यार्थ्याला सांगा : "मला असं कळलं की तू म्हणतेयस..." बऱ्याचदा मुलगी म्हणते, "नाही मॅडम, मला तसं नव्हतं म्हणायचं." मग काय म्हणायचं होतं ते ती सांगते, आणि ते लिहिलेल्यापेक्षा नेमकं असतं. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं हे सगळं शेवटच्या महिन्यात. पहिल्या कच्च्या खर्ड्यावर वेलांट्या सुधारत बसलात तर मुलगा पुढच्या वेळी शुद्ध आणि पोकळ लिहून आणेल.

'सदर संशोधनात संशोधकाने' हे मी खोडते. काही विभागांना 'मी' चालत नाही. तुमच्या विद्यापीठाचं काय म्हणणं आहे ते विचारून घ्या, पण निदान खर्ड्यात तरी 'मी' लिहू द्या. 'मी त्यांना भेटले तेव्हा त्या जात्यापाशी बसल्या होत्या' असं लिहिणारी मुलगी आपण काय पाहिलं याची जबाबदारी घेते. 'संशोधकाने' म्हणणारी घेत नाही.

प्रस्तावनेपासून सुरुवात करू देऊ नका. जिथे स्वतःची साधनं आहेत त्या प्रकरणापासून सुरू करायचं. पूर्वसंशोधनाचा आढावा मधे, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येकाला एक जाड वही घ्यायला लावा : तारीख, पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, किंवा कुणाशी बोललो, कुठे, काय म्हणाले. हाताने लिहिलेली. संदर्भसूची शेवटच्या आठवड्यात गोळा करणं म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणं शोधणं.

चॅटजीपीटीच्या मुलाला रागावलात का ते तुम्ही लिहिलं नाही. रागावला असाल तर पुन्हा बोलवा. मी अशा मजकुरातलं एकेक वाक्य वाचते आणि विचारते, "हे तुला कुठे सापडलं? वहीत दाखव." दोन-तीन वाक्यांतच तो स्वतः थांबतो. मग त्याला सांगायला लावायचं, तेच, पहिल्यापासून. एक लक्षात ठेवा, झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प विकत मिळायचे तेव्हाही हीच अडचण होती. ज्याला आपला म्हणावा असा प्रश्न नाही तोच उत्तर उसनं आणतो. साहित्यचौर्याचे नियम मात्र त्याला स्पष्ट सांगा : यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे, ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. आणि टंकन युनिकोडमध्येच करून घ्या. डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये करून देतात, तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो मजकूर नीट वाचता येत नाही आणि ऐनवेळी धावपळ होते.

नऊ जणांना वेगवेगळा वेळ देणं तुम्हाला, तासिकेवर असताना, परवडणार नाही हे मला कळतं. पंधरवड्यातून एकदा सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा. एकाने आपलं एक पान मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. मोठ्याने वाचताना स्वतःचं खोटं वाक्य स्वतःलाच ऐकू येतं. माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून मुलं वाचता वाचताच पेन्सिलीने खोडायला लागली.

राहिली ती फोन न घेणारी मुलगी. तिला तुम्ही आळशी किंवा बेजबाबदार समजत असाल तर थोडं थांबा. माझ्याकडे अशा जितक्या मुली आल्या त्यात कुणाचं लग्न ठरलं होतं, कुणी दुकानात कामाला लागली होती, आणि उरलेल्या सगळ्या लाजेने लपलेल्या होत्या : लिहिलेलं काही नाही, मग मॅडमना तोंड कसं दाखवू. तिच्या मैत्रिणीकरवी निरोप द्या की काहीही न लिहिता ये. आली की 'प्रकरण कुठंय' विचारू नका. आधी चहा सांगा, आणि मग एवढंच विचारा, "काय काय पाहिलंस, ते सांग बरं." वही तुमच्याजवळ ठेवा, ती बोलायला लागली की टिपून घ्यायला.